पेशीपटलं एकमेकांत कशी मिसळतात आणि त्यात लिपिड काय करतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला कॉलेज रोडला आमचा बायोलॉजीचा क्लास आहे, बारावी आणि बीएस्सीची मुलं येतात, सिन्नर, निफाड, दिंडोरीकडून सकाळच्या एसटीने येणारी पण बरीच आहेत. दरवर्षी मेंब्रेनचा, म्हणजे पेशीपटलाचा, धडा आला की व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न सुरू होतात, आणि खरं सांगते, ते प्रश्न पुस्तकापेक्षा भारी असतात. पुस्तकात फ्युजन, म्हणजे पटलांचं मिसळणं, दोन ओळींत उरकतात आणि सगळं श्रेय प्रोटीनला देऊन टाकतात, लिपिड, म्हणजे पटल ज्यांचं बनतं ते चरबीच्या जातीचे रेणू, आपलं नुसतं भिंत म्हणून उभं. मला ते अजिबात पटत नाही. म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली.

मेंब्रेन फ्युजन म्हणजे नेमकं काय होतं?

दोन वेगळी पटलं जुळून त्यांचं एकच सलग पटल होतं आणि दोघांच्या आतला मालही एक होतो. दोन्ही व्हायला पाहिजे. नुसतं एकमेकांना चिकटून बसणं म्हणजे फ्युजन नाही. तुम्ही आत्ता हे वाचताय ना, तेव्हासुद्धा मेंदूत नर्व्हच्या टोकाला साधारण ४० नॅनोमीटरच्या पिशव्या पेशीपटलात मिसळून आतलं केमिकल बाहेर टाकतायत, आणि कॅल्शियम आत शिरल्यापासून हे एक मिलिसेकंदाच्या आत उरकतं. इन्सुलिन पेशीबाहेर येणं, स्पर्म आणि एग एक होणं, फ्लूचा व्हायरस आत घुसणं, सगळीकडे हीच क्रिया आहे.

हे काम तर प्रोटीन करतात ना? मग लिपिडचं एवढं काय?

हा प्रश्न दरवर्षी पहिला येतो. स्नेअर प्रोटीन असतात हे बरोबर आहे, रॉथमन, शेकमन आणि झ्यूडहोफ यांना २०१३ चं नोबेल या पिशव्यांच्या वाहतुकीवरच मिळालं. स्नेअर दोन बाजूंनी एकमेकांत पीळ घालत येतात आणि पटलांना जवळ ओढतात. त्यांच्याशिवाय चालत नाही याचा पुरावा आपल्या गावागावात माहितीय, धनुर्वात. धनुर्वाताचं विष एका स्नेअरचा तुकडा पाडतं, मग स्नायूंना आवरणाऱ्या नर्व्हच्या पिशव्या मिसळतच नाहीत आणि माणूस ताठ होतो.

पण बघा, स्नेअर ओढून आणतात, विरघळून एक होतात ती लिपिडंच. लग्न जुळवायला मध्यस्थ लागतो, संसार तो करत नाही. २००२ साली यांग आणि हुआंग या दोघांनी नुसत्या लिपिडच्या थरांतलं पाणी कमी केलं आणि फ्युजनची मधली पायरी एक्स-रेने पकडून दाखवली, त्यात प्रोटीन एकही नव्हतं.

पटलाची रचना एकदा सोप्या भाषेत सांगा ना.

पोळी छान फुगली की तिचे दोन पदर सुटतात, ते आठवा. पेशीपटल असंच दुपदरी असतं. प्रत्येक पदर लिपिडचा, लिपिडचं डोकं पाण्याकडे आणि शेपट्या आत, दुसऱ्या पदराच्या शेपट्यांना भिडलेल्या. दोन्ही पदर मिळून जाडी ४ ते ५ नॅनोमीटर. आपला केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे बघा काय पातळ प्रकरण आहे. दोन पदर आहेत हे १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी रक्ताच्या लाल पेशींवरून ओळखलं, आणि हे सगळं द्रवासारखं सरकतं, त्यात प्रोटीन तरंगतात हे चित्र सिंगर आणि निकोलसननी १९७२ मध्ये दिलं. इथून पुढे "पदर" हा शब्द विसरू नका, सगळी मजा त्यातच आहे.

मिसळीच्या तर्रीवरचे तेलाचे थेंब आपोआप एक होतात, मग पेशी का होत नाहीत?

सिडकोच्या एका मुलाने विचारलेला प्रश्न, माझा आवडता. तर्रीवर दोन थेंब चमच्याने जवळ आणले की एक क्षण ते नुसते टेकलेले दिसतात, मग मध्ये बारीक मान तयार होते आणि झटकन एक मोठा थेंब. तेलाला पाणी नकोसं असतं म्हणून पाण्याला टेकणारी कड जेवढी कमी तेवढं त्याला बरं, त्यामुळे ते स्वतःहून मिसळतं.

पटलाचं तसं नाही. त्याची डोकी पाण्याकडेच असतात, पाण्यात ते सुखात आहे, त्याला मिसळायची काही घाई नाही. उलट प्रत्येक डोक्याभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरलेले असतात, आणि दोन पटलं २-३ नॅनोमीटरच्या आत आणायला गेलं की ते पाणी हटायला तयार नसतं, जोरात उलटं ढकलतं. हे पाणी बाजूला सारणं हा फ्युजनमधला पहिला मोठा खर्च. आणि हे चांगलंच आहे, नाहीतर आपल्या शरीरातल्या पेशी केव्हाच एकमेकींत मिसळून गोळा झाल्या असत्या.

पायऱ्या किती? क्रमाने सांगा.

आधी दोन पटलं जवळ येतात, मधलं पाणी हटतं. मग फक्त समोरासमोरचे दोन पदर जुळतात, मध्ये एक छोटा दांडा तयार होतो, त्याला स्टॉक म्हणतात. ही कल्पना कोझलोव आणि मार्किन यांनी १९८३ मध्ये मांडली. या अवस्थेला हेमीफ्युजन म्हणायचं, अर्धंच झालंय, मागचे दोन पदर अजून वेगळे आहेत, आतला माल मिसळलेला नाही. कधीकधी दांडा पसरतो आणि मागच्या दोन पदरांचा मिळून मध्ये पातळ पडदा उभा राहतो. शेवटी त्यात भोक पडतं, ते फ्युजन पोअर, आणि ते मोठं झालं की काम झालं. शेवटचा टप्पा बऱ्याचदा सगळ्यात जड जातो, पोअर उघडून परत मिटतो असंही होतं.

लिपिडच्या आकाराचं काय ते? वर्गात नीट कळलं नव्हतं.

इथे जरा सावकाश वाचा. लिपिड सगळी एका साच्यातली नसतात.

पीसी म्हणजे फॉस्फॅटिडिलकोलीन, याचं डोकं आणि शेपट्यांचा घेर साधारण सारखा, लाटण्याच्या मधल्या भागासारखं सरळ. अशी लिपिडं शेजारी शेजारी लावली की सपाट पदर होतो. पीई, म्हणजे फॉस्फॅटिडिलइथेनोलअमाइन, याचं डोकं लहान आणि खाली शेपट्यांचा घेर मोठा, घेरदार परकर घातलेली छोटी मुलगी उभी आहे असं समजा. अशा मुली दाटीने उभ्या केल्या तर डोकी आपोआप एकमेकींकडे झुकतील, म्हणजे पदर डोक्यांच्या बाजूने खोलगट होणार. आणि लायसो-पीसी हे उलटं, शेपूट एकच आणि डोकं त्या मानाने मोठं, भोवऱ्यासारखं, वर रुंद खाली निमुळतं. ही भरली की पदर दुसरीकडे वाकतो, डोक्यांच्या बाजूने फुगीर.

आता दांडा आठवा. समोरचे पदर दांड्यात वळताना डोक्यांच्या बाजूने खोलगट वळतात, म्हणजे परकरवाल्यांना तिथे घरच्यासारखं आणि भोवऱ्यांना अडचण. म्हणून समोरच्या पदरात पीई किंवा तशाच परकरवाल्या आकाराचं डायअसिलग्लिसरॉल किंवा ओलिक ॲसिडसारखं फॅटी ॲसिड असलं की दांडा सोपा होतो आणि लायसो-पीसी असलं की अडतो. हे नुसतं कागदावर नाही, चेर्नोमॉर्डिक आणि सोबतच्या लोकांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या प्रकारच्या फ्युजनमध्ये लायसो-पीसी टाकून दाखवलं, फ्युजन थांबतं, आणि ते धुऊन काढलं की परत सुरू होतं. कॅल्शियमने होणारं असो की ॲसिडने, सगळीकडे तेच, म्हणजे प्रोटीन कुठलंही असलं तरी मधली वाट लिपिडचीच आहे.

म्हणजे पीई मदत करतं आणि लायसो-पीसी अडवतं, असं पाठ करू का?

नका करू! इथेच मार्क जातात आणि समजही चुकते. दांडा झाल्यावर पुढचं काम भोक पाडण्याचं, आणि भोकाच्या कडेला मागचे पदर उलट्या बाजूने वळतात. तिथे भोवरे फायद्याचे आणि परकरवाल्या अडचणीच्या. म्हणजे तेच लायसो-पीसी समोरच्या पदरात असलं तर अडवतं, मागच्या पदरात असलं तर भोक उघडायला मदत करतं. लिपिड चांगलं की वाईट असं विचारायचं नाही, कुठल्या पदरात आणि कुठल्या पायरीला असं विचारायचं.

याचं सगळ्यात पटणारं उदाहरण सापाच्या विषातलं आहे. पावसाळ्यात रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, हे आपल्याकडे खेड्यात सगळ्यांना माहितीय. मण्यारच्या कुळातल्या सापांच्या विषात फॉस्फोलायपेज ए-२ जातीचं एन्झाइम असतं, ते पीसीची एक शेपूट तोडतं. उरतं काय, तर लायसो-पीसी आणि सुटं फॅटी ॲसिड. आता नर्व्हच्या टोकाचा विचार करा. पिशवी आतून येऊन पटलाला भिडते, म्हणजे पटलाचा आतला पदर हा समोरचा पदर झाला आणि बाहेरचा तो मागचा. विष बाहेरून काम करतं, लायसो-पीसी बाहेरच्या पदरातच राहतं कारण त्याला सहज पलीकडे जाता येत नाही, फॅटी ॲसिड मात्र पटकन आतल्या पदरात उलटतं. झालं, भोवरा मागच्या पदरात, परकरवाली समोरच्या पदरात, दोघं अगदी हव्या त्या जागी. पिशव्या वारेमाप मिसळायला लागतात, साठा संपतो आणि स्नायू लुळे पडतात. २००५ साली इटलीतल्या पादुआच्या संशोधकांनी हे दाखवलं, विष न वापरता नुसतं लायसो-पीसी आणि फॅटी ॲसिडचं मिश्रण नर्व्हवर टाकलं तरी तोच परिणाम दिसला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसती बसून राहिले होते. (आणि साप चावला तर मांत्रिकाकडे नाही, थेट दवाखान्यात, हे सांगायलाच हवं.)

कोलेस्टेरॉल तर वाईट असतं ना? ते इथे काय करतं?

रक्तातल्या जास्तीच्या कोलेस्टेरॉलचा प्रश्न वेगळा, पटलात ते नसेल तर पेशी चालणारच नाही. नर्व्हच्या त्या छोट्या पिशव्यांच्या लिपिडमध्ये सुमारे ४० टक्के रेणू कोलेस्टेरॉलचे असतात. त्याचं डोकं अगदी लहान, त्यामुळे परकरवाल्यांच्या बाजूने मत देतं, शिवाय स्नेअरसारख्या प्रोटीनना एका जागी गोळा करायला मदत करतं. स्पर्मचं उलट आहे, एगपाशी पोचण्याआधी त्याच्या पटलातून कोलेस्टेरॉल काढून घेतलं जातं, तेव्हा कुठे ते फ्युजनला तयार होतं.

कॅल्शियमचा लिपिडशी थेट संबंध आहे का?

आहे. फॉस्फॅटिडिलसिरीन, पीएस, याच्यावर निगेटिव्ह चार्ज असतो. दोन पटलांत पीएस भरपूर असेल तर कॅल्शियम मध्ये येऊन दोघांना बांधतं आणि डोक्यांभोवतीचं पाणी हुसकावतं, १९७० च्या दशकात पापाहाजोपोलोस यांनी नुसत्या पीएसच्या फुग्यांवर हे दाखवलं. नर्व्हमध्ये मात्र कॅल्शियम सिनॅप्टोटॅगमिन नावाच्या प्रोटीनमार्फत काम करतं आणि ते प्रोटीन परत पीएसलाच जाऊन धरतं.

फ्लू आणि कोविडचे व्हायरस आत कसे घुसतात?

दोघांना लिपिडचं आवरण असतं, आणि गंमत म्हणजे ते आपल्याच पेशीतून चोरलेलं. फ्लूच्या व्हायरसला पेशी गिळते, आतल्या पिशवीत आंबटपणा वाढून पीएच ५ च्या जवळ येतो, मग त्याचं हिमॅग्लुटिनिन प्रोटीन स्प्रिंगसारखं उलगडतं आणि एक टोक आपल्या पटलात खुपसतं. १९९४ मध्ये एक सुंदर प्रयोग झाला, या प्रोटीनचा पटलाच्या आरपार जाणारा भाग काढून त्याला फक्त बाहेरच्या पदराला लिपिडने टांगलं. तर काय झालं, समोरचे पदर मिसळले पण भोक पडलं नाही, काम अर्ध्यावर अडकलं. म्हणजे हेमीफ्युजन ही खरीच पायरी आहे आणि शेवटच्या टप्प्याला प्रोटीनने दोन्ही पदरांना धरलेलं असावं लागतं.

साबणाने हे व्हायरस मरतात तेही याच कारणाने, आवरणच विरघळतं. पोलिओ, कावीळ ए यांना असं आवरण नाही, त्यांचं फ्युजनही नाही आणि सॅनिटायझरला ते सहज दाद पण देत नाहीत.

आपण नाशिकला जी लस घेतली त्यात लिपिड होतं का?

बहुतेकांनी कोविशील्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली. कोविशील्डमध्ये ॲडेनोव्हायरस आहे, त्याला लिपिडचं आवरण नसतं, तो पिशवी फोडून बाहेर येतो. कोव्हॅक्सिन म्हणजे निष्क्रिय केलेला अख्खा व्हायरस. फायझर आणि मॉडर्नाच्या एमआरएनए लसी मात्र लिपिडच्या कणात भरलेल्या, चार प्रकारची लिपिडं, त्यात एक कोलेस्टेरॉल. मुख्य लिपिड असं निवडलंय की साध्या पीएचला त्याच्यावर चार्ज नाही, पण पेशीच्या आंबट पिशवीत गेलं की पॉझिटिव्ह होतं, तिथल्या निगेटिव्ह लिपिडशी जोडी जमवतं, आणि ती जोडी परकरवाल्या आकाराची होते! मग पिशवीचा सपाट पदर टिकत नाही आणि एमआरएनए बाहेर पडतो. बराचसा माल आतच अडकून वाया जातो, म्हणून यावर अजून जोरात काम चालू आहे.

द्राक्षाचं कलम करतात तेव्हा पेशी मिसळतात का?

दिंडोरीच्या एका मुलीचा प्रश्न, घरची बाग आहे. नाही. डॉगरीजच्या खुंटावर थॉमसनची काडी भरतो तेव्हा दोघांच्या पेशी शेजारी शेजारी जुळतात, पाणी आणि अन्नाच्या नळ्या जोडल्या जातात, पण एका पेशीत दुसरी पेशी मिसळत नाही. खुंट डॉगरीजच राहतो आणि वर थॉमसनच येतं.

पेशी खरंच मिसळायच्या तर आधी एन्झाइमने भिंत काढायची, उघडे प्रोटोप्लास्ट घ्यायचे आणि त्यात पॉलिएथिलीन ग्लायकॉल टाकायचं. हे पीईजी पाणी ओढून घेतं, म्हणजे वर सांगितलेला तो पाण्याचा अडसरच काढून टाकतं. काओ आणि मिखाइलुक यांनी ही पद्धत १९७४ मध्ये दिली, आणि १९७८ मध्ये जर्मनीत बटाटा आणि टोमॅटोच्या पेशी मिसळून पोमॅटो झाला, तुमच्या पुस्तकात आहेच तो. पिंपळगावच्या मार्केटला कधी आला नाही, कारण खाली धड बटाटा नाही, वर धड टोमॅटो नाही.

निफाडला पारा घसरला की बागेचं नुकसान होतं, त्यात पण लिपिड आहे का?

आहे, आणि हे लोकांना माहीत नसतं. दव गोठण्याइतकी थंडी पडली की बर्फ आधी पेशीच्या बाहेर तयार होतो आणि आतलं पाणी बाहेर खेचतो. पेशी सुकते, आतली पटलं एकमेकांवर दाबली जातात, मधलं पाणी गेलेलं, आणि मग नको तिथे नको तशी पटलं मिसळतात, लिपिडच्या पदरांचे नळ्यांसारखे आकार होतात. ऊन आलं, बर्फ वितळला तरी पेशी सावरत नाही, पानं करपल्यासारखी दिसतात. ज्या झाडांना थंडी हळूहळू लागते ती आपल्या पटलातली लिपिडं बदलून घेतात, म्हणून अचानक आलेली थंडी जास्त मारते. पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवणारा शेतकरी खरं तर पटलं वाचवत असतो.

आपल्या शरीरात पूर्ण पेशीच एकमेकींत मिसळतात असं कुठे होतं?

स्नायूंमध्ये. छोट्या पेशी मिसळून लांब तंतू होतो, एकात शेकडो केंद्रकं. त्या वेळी एरवी आतल्या पदरात लपवलेलं पीएस थोडा वेळ बाहेर दाखवलं जातं, जणू दार उघडं असल्याची खूण. मायोमेकर हे प्रोटीन हेमीफ्युजनपर्यंत नेतं आणि मायोमर्जर भोक उघडतं, दोन पायऱ्या, दोन वेगळे कामगार. गरोदरपणात वारेच्या पेशीही अशाच मिसळतात, आणि ते करणारं सिन्सिटिन हे प्रोटीन काही कोटी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या डीएनएत शिरलेल्या व्हायरसचं आहे. व्हायरसची घुसखोरीची किल्ली आणि आईच्या पोटातलं बाळाचं पोषण, एकाच यंत्रावर.

वाइनच्या यीस्टवर पण याचा अभ्यास होतो म्हणे?

हो, आपल्या नाशिकच्या वायनरीत द्राक्षरस आंबवणारं सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसी हेच लॅबमध्ये पण वापरतात. त्याच्या आतले व्हॅक्युओल, म्हणजे पेशीतल्या मोठ्या पिशव्या, बाहेर काढून टेस्ट ट्यूबमध्ये मिसळता येतात. तिथे कोलेस्टेरॉलच्या जागी अर्गोस्टेरॉल असतं.

तूप किंवा माशाचं तेल खाल्लं तर फ्युजन चांगलं होईल का?

एवढं सरळ नाही. खाण्यातली फॅटी ॲसिड पटलात काही प्रमाणात जातात हे खरं, पण पेशी आपलं मिश्रण स्वतः सांभाळते. मेंदू तर लागणारं कोलेस्टेरॉल जवळजवळ सगळं स्वतःच बनवतो, रक्तातलं तिथे पोचतच नाही. तूप आवडीने खा, पण या कारणासाठी नको.

घरी काही करून बघता येईल का?

येईल. ताटलीत भांड्याच्या साबणाचं पाणी घ्या, स्ट्रॉने दोन बुडबुडे शेजारी फुगवा. टेकले की लगेच एक होत नाहीत, मध्ये एक सपाट पडदा तयार होतो आणि दोघं पाठीला पाठ लावून बसतात. वाकून बघा, पडद्यावर रंग सरकताना दिसतील. थोड्या वेळाने पडदा फुटतो आणि झटकन एकच मोठा बुडबुडा. तो पडदा म्हणजे आपल्या हेमीफ्युजनच्या पडद्याचा मोठा भाऊ समजा. फरक एवढाच की साबणाच्या फिल्ममध्ये पाणी मध्ये आणि शेपट्या बाहेर हवेकडे, पेशीत बरोबर उलटं.

परीक्षेत आकृती कशी काढू?

दोन रंगांची पेनं घ्या. दोन्ही पटलांचे समोरचे पदर लाल, मागचे निळे. दांड्याच्या चित्रात फक्त लाल लालला जोडलेला दिसला पाहिजे, निळे वेगळे. पोअरच्या चित्रात निळाही निळ्याला जोडायचा आणि मधून आरपार वाट ठेवायची. सगळं एकाच पेन्सिलने काढलं की पेपर तपासणाऱ्याला काही कळत नाही, आणि काढणाऱ्यालाही निम्म्या वेळा कळलेलं नसतं.